साठ की तीस

टेकचंदाने कागद ताटाशेजारीच पसरला.
"भाऊजी, इथं आकडा टाका.
नोकरी गेली तर महिन्याले घर चालवाले
किती लागते, तेवढा."

मी वजनकाट्यावरचा माणूस.
अठरा वर्षं राईस मिलच्या फाटकावर
भरला ट्रक, रिकामा ट्रक,
दोन्हींतला फरक म्हणजे धान.
घर कधी रिकामं करून तोललं नव्हतं.
आता शेठचा मुलगा म्हणतो, कॅमेऱ्याचा काटा येतोय,
ट्रक उभा राहिला की चिठ्ठी आपोआप.

भूमेश्वरी हात पुसत जवळ येऊन बसली.
तांदूळ सोडा, म्हणाली, तांदूळ घरचा.
सिलिंडर. लाखोरीची डाळ. तेल.
आईच्या बीपीच्या गोळ्या.
प्रांजूची गोंदियातली मेस, दोन खेपांचं एसटी भाडं.
गाडीचा हप्ता.
"आन् लग्नाचे आहेर?"
टेकचंद हसला. आहेर यात बसत नाही, वहिनी.
"काहून? पॉलिसी काढणाऱ्यायच्या गावात
लग्नं नाही होत का जी?"

अकरा हजार चारशे.
मी बारा लिहिले.
वरचे सहाशे कशाचे, कोणी विचारलं नाही.

मग बारीक अक्षरं, मोबाइलच्या टॉर्चमध्ये.
स्वतःहून सोडली तर नाही.
गैरवर्तनावरून काढलं तर नाही.
कंत्राट संपलं तर नाही.
कायम असल्याचा कागद जोडावा.

पेटी उघडली. लग्नातल्या शालूखाली,
प्रांजूच्या पोलिओच्या कार्डाखाली
सापडलं शेठच्या सहीचं पत्र.
"आपणास या आस्थापनेत कायम"
यातला म वाळवीने खाल्लेला.
उरलं होतं नुसतं "काय",
आणि पुढे एक भोक, आरपार.
"चालते," टेकचंद म्हणाला, "शिक्का शाबूत हाय."

शेवटचा रकाना.
काम सुटल्यावर किती दिवसांनी पैसे सुरू व्हावेत?
साठ म्हटलं तर हप्ता हलका,
तीस म्हटलं तर महिन्याला एकशे नव्वद जास्त.
"साठ दिवस तं कोणीबी काढते, भाऊजी.
किराणावाला आपलाच."

मी साठवर पेन टेकवला.

बॉयलर फुटून मिल बंद पडली होती,
प्रांजू तेव्हा पहिलीत.
मी घरी सांगितलंच नाही.
साडेआठला डबा घेऊन निघायचो,
बोडीच्या पाळीवर सायकल आडवी टाकायचो.
शिंगाड्याचा वेल रोज किती सरकतो,
कुठली पानकोंबडी लंगडते,
सगळं पाठ.
दुपारी डबा खायचो तो पाठमोरा,
रस्त्यावरून कोणी हाक मारू नये म्हणून.
आणि साडेपाचला, घरी जायच्या आधी,
पाळीवरची मूठभर धूळ शर्टावर घासायचो.
मिलचा माणूस स्वच्छ कसा परतेल?

"तीस टाका," भूमेश्वरी म्हणाली.
"अवं, एकशे नव्वद..."
"तीस."
ताटातलं खरकटं ती बोटाने एका बाजूला लोटत होती.
"मिलचा कोंडा खाजते जी.
शर्ट धुतला का मनगटापासून कोपरापर्यंत खाजते.
बॉयलर फुटला त्या साली एक्केचाळीस दिवस
माहे हात खाजले नाही."

टेकचंद छपराकडे पाहू लागला.
आत आई खोकली, मग थांबली.
मी साठ खोडलं, तीस लिहिलं,
खाडाखोडीवर सही लागते, तीही केली.

मग तू डबा कशाला द्यायचीस,
एवढं मात्र विचारलं नाही.
त्या रात्री नाही, नंतरही नाही.

सकाळी साडेआठला
डबा हँडलला अडकवलेला होता.
पातोडीचा वास येत होता.
मी तो हातात घेऊन जरा वेळ उभा राहिलो,
सवयीने,
मग पुन्हा अडकवला आणि किक मारली.
फाटकावर पहिला ट्रक आमगावकडचा होता.