एकाच रंगात

बर्डीवर, तिसऱ्या मजल्यावर, कूलरचं पाणी संपलेलं
आणि इंदुकला सिडाम माझा सहावा सूर्य बघत होत्या.
तिघींची सोलर कंपनी, एक खोली, दोन सायकली.
"सूर्य त सगळ्यायच्याच डब्यावर हाय, भाऊ."
सूर्य गेला. हिरवं पानही गेलं.
मग मी पांढऱ्या रेघांची माणसं काढली, फेर धरलेली.
त्या हसल्या. "हे वारल्यायचं. आमी गोंड."
माझे कान तापले;
बाहेर शेहेचाळीस होतं, त्यात खपून गेलं.

अट एवढीच :
एक रंग. पत्र्याच्या छाप्यातून फासता यावा
देवलापारकडच्या बॅटरीपेटीवर,
आणि मायनं, जिला अक्षर येत नाही,
लांबून बघून म्हणावं, आपली.

"घराच्या भिंती कशाच्या?" मी उगाच विचारलं.
"तट्ट्याच्या. रातच्याला आत दिवा लागला का
बाहेरून घर कसं दिसते, पायलं कधी?"

नव्हतं पाहिलं.
काळ्या पट्ट्या ओढल्या, तिरप्या, एकीखाली एक.
उजेड कुठंच काढला नाही.
तो फटींतून आला, कागदाचाच.

बिलावर लिहिलं : लोगो, एक नग.
त्यांनी कागद खिडकीशी धरला, पालथा करून पाहिला
आणि माझ्याच पेनानं
एक पट्टी जराशी वाकडी केली.