गाडीखालचा आरसा

मन्सी, इंडियाना. फेब्रुवारी एकसष्ट.
बाहेर घोटाभर बर्फ, आत आर्मरीच्या हॉलमध्ये
मेणाचा, रबराचा, पॉपकॉर्नचा वास,
आणि चाळीस गाड्या, एकीचंही इंजिन सुरू नाही.

माझं वय नऊ. माझं काम आरसा पुसायचं.
आमच्या मर्क्युरीच्या पोटाखाली बाबांनी
लांबरुंद आरसा अंथरला होता,
खालचं क्रोम उभ्या माणसाला दिसावं म्हणून.
लोकांच्या बुटांतला बर्फ वितळून ओघळ यायचे
आणि मी फ्लॅनेलचं फडकं घेऊन
डोळ्यांत तेल घालून बसलेली.
'हात लावू नये' ही पाटी सगळ्यांसाठी होती,
मी सोडून.

ती गाडी एका शेतावर कोंबड्यांच्या खुराड्यामागे सापडली.
साठ डॉलर. मागच्या सीटवर अंडी.
पुढे तीन हिवाळे.
छप्पर चार इंच कापून बसकं केलं,
दारांच्या मुठी काढल्या, भोकं शिशाने बुजवली,
इतकी गुळगुळीत, की दार उघडायची कळ कुठे आहे
ते आम्हा तिघांनाच ठाऊक.
रंगाचे बावीस हात. लाल,
पण दिव्यासमोर धरलेल्या सरबतासारखा, आत खोल जाणारा.
शेवटी खारीच्या केसांच्या ब्रशने ओढलेली रेघ,
श्वास रोखून, बॉनेटपासून डिकीपर्यंत, सुतात.
फक्त डॅशबोर्डखाली एक वाकडी, मुद्दाम,
बाळाला तीट लावावी तशी.

सीटा आईने शिवल्या.
पांढरं रेग्झिन, एकेक पन्हळ कापसाने भरलेली,
घरच्याच मशिनवर, सात सुया मोडून.
फलकावर नाव होतं ऑरविल श्टुकी.
आई कॉफीच्या टेबलाशी उभी,
कुणी विचारलं तर 'त्यांची गाडी' म्हणायची.

गाडीखालून माणसं घोट्यापर्यंतच असतात.
परीक्षक म्हणजे तपकिरी बुटांचा एक जोड,
आमच्यापाशी थांबला, मी एकवीसपर्यंत मोजलं, गेला.
आणि बाबांचे बूट, डाव्या टाचेवर प्रायमरचा डाग,
ते आमच्याकडे नव्हतेच.
समोरच्या रांगेत, टोलेडोच्या कुणा पोराच्या
पिवळ्या रोडस्टरपुढे, कितीतरी वेळ.
टाचा किंचित उचललेल्या.
मला राग आला. इतका, की मी आरशावर
माझ्याच बोटांचे ठसे उमटवले
आणि पुसले.

आम्हाला तिसरा नंबर मिळाला. करंडक माझ्याहून उंच,
घरी जाताना माझ्या आणि आईच्या मांडीवर आडवा.
बाबा वाटभर पिवळ्या गाडीबद्दल बोलत होते:
तिचं इंजिन, तिचे पाइप, तिचा बांधा.
"सीटा कशा होत्या तिच्या?" आईने विचारलं.
"बघितल्या नाहीत."
मग मैलभर फक्त वायपरचा आवाज.

दोन वर्षांनी कारखान्यातला संप लांबला
तेव्हा डेटनच्या एका माणसाने रोख पैसे मोजले.
त्याला दार उघडता येईना.
बाबा वाकले, कळ दाखवली.
मग ती चौथ्यालाही ठाऊक झाली.

आता शो मॉलच्या पार्किंगमध्ये भरतात.
घडीच्या खुर्च्या, नवे गुडघे बसवलेले म्हातारे,
गाडीजवळ कमी, सावलीजवळ जास्त.
रंग उत्तम असतात. रेघा स्टिकरच्या असतात,
थरथरत नाहीत.
मी मर्क्युरी शोधायला येत नाही,
असं मुलीला सांगून येते.

परवा एका लाल गाडीपाशी
पर्समधला आरसा काढला,
गुडघ्यावर हात टेकून वाकले, तो खाली सरकवला.
"काही हरवलंय का, मॅडम?"
खुर्चीतल्या पोराने विचारलं.
आरशात तेलाचा एक थेंब लोंबत होता,
पडू की नको करत.

"नाही," म्हटलं, "पुसायचं राहिलंय."