ड्रायरची चाळीस मिनिटं

शनिवारी संध्याकाळी अ‍ॅबरिस्टविथच्या नाण्यांच्या लाँड्रीत
एमरिस आणि मी चादरी वाळायची वाट बघत बसतो
आणि ज्यातलं फारसं कळत नाही त्यावर मत देतो.
मत फुकट. ड्रायरला तीन पौंड.

तो म्हणाला, निबंधाचं काय झालं?
म्हटलं, आला परत. सात महिने पाहुणचार घेऊन.
पहिल्या परीक्षकाला आवडलाय.
दुसऱ्याचं म्हणणं, मी अमक्याचे चार लेख वाचलेले दिसत नाहीत.
अमका म्हणजे तोच, हे शेंबडं पोरही सांगेल.
वाचलेत रे मी चारही.
म्हणून तर उल्लेख केला नाही.

आपणच लिहायचं, आपणच तपासायचं,
मग आपल्याच ग्रंथालयाने ते विकत घ्यायचं,
आणि सगळ्यांना वाचू द्यायचं मनात आलं
तर अडीच हजार पौंड वेगळे मोजायचे.
नगरला लग्नातला आचारीसुद्धा
शिधा तुमचा, चूल तुमची, वाढपी तुमचे,
वर पंगतीत बसायचे पैसे टाका, असं म्हणत नाही.

एमरिस म्हणाला, चॅपलात दानाची थाळी फिरते
तेव्हा निदान ऑर्गन तरी वाजवतात.

मग रेडिओवर कुणी एक पोरगी लागली.
तीन सूर, एक प्रियकर, पाऊस.
शेवटचं ध्रुवपद अर्धी पट्टी वर चढवलं
की समजावं, शब्द संपले, असं माझं मत.
त्याचं मत, त्याच्या अठराव्या वर्षानंतर
कुणालाही बेस गिटार वाजवता आलेली नाही.
योगायोग बघ, म्हटलं.

या एका रस्त्यावर चार चॅपलं.
एकात गालिचे विकतात, एकात फ्लॅट झाले,
एकात लोक व्यायाम करून घाम गाळतात,
आणि चौथ्यात दर रविवारी अकरा म्हातारी माणसं.
मी विचारलं, मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट,
आणि ते स्वतःला स्वतंत्र म्हणवणारे, फरक काय रे?
तो बराच वेळ फिरणाऱ्या चादरीकडे बघत राहिला.
म्हणाला, फरक असा
की माझ्या मावशीचं लग्न झालं नाही.

मला इथे सगळे विचारतात, तू ख्रिस्ती कधी झालीस?
जणू मागच्या मंगळवारी, येता येता.
एमरिसने कधी विचारलं नाही, म्हणून त्याला सांगितलं :
आमच्या गल्लीत दोन मंडळ्या.
एक म्हणे गीतं पेटी-तबल्यावर, दुसरी म्हणे ऑर्गनवरच.
घंटा दोघी एकाच वेळी बडवायच्या,
एकीची दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून.
मग तिसरी आली, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारी.
पण आमच्याकडे नळाला पाणी तिसऱ्या दिवशी,
ती काही फार वाढली नाही.

तो हसला, आणि हसता हसताच
रेडिओवरच्या पोरीखाली खर्जात काहीतरी धरलं,
नकळत, जसा कुणी पाय हलवतो.
ते मला ओळखीचं होतं.
ऑर्गनवाल्या मंडळीत, डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावरून
माझे वडील, भास्कर भिंगारदिवे, टपाल खात्यातले,
हेच धरायचे.
एरवी घरात त्यांचा आवाज कुणी ऐकलाय?

मी वरचा सूर लावला. शब्द मराठी, वडिलांच्या वहीतले.
पोरीच्या प्रियकराशी त्यांचा काही संबंध नव्हता,
तरी बसले.
समोर मोजे जोडणारी बाई थांबली.
आणि मग ती मेली अर्धी पट्टी वर चढली
आणि आम्हीही चढलो.

ड्रायर थांबला. चादर गरम होती.
दोन टोकं त्याने धरली, दोन मी,
जवळ आलो, लांब गेलो, जवळ आलो.
याबद्दल आम्ही दोघांनीही काही मत दिलं नाही.

बाहेर धक्क्यावर भोरड्यांचे थवे उतरत होते,
हजारोंनी, ठरवून नाही, आदळत नाही.
एक मोजा कमी भरला.

दुसऱ्या परीक्षकाला सोमवारी उत्तर लिहीन.
त्याचा एक लेख घालीन म्हणते.
एकच.
तळटीपेत.