आधी पाच, मग वीस

फ्रीसलँडमध्ये जमीन समुद्राच्या खाली आहे,
हे तिथे कुणी मोठ्याने सांगत नाही.
पंप चालू असतात, एवढंच.

सतरा नंबरच्या पंपघरात भिंतीवर एक करडा डबा,
सोळा मेगाबाइटांचा जीव.
झडप उघड म्हटलं की उघडतो,
कोण म्हणालं ते विचारत नाही.
त्याला विचारायला शिकवायचं
हे सीत्स्केचं काम, मार्चअखेरपर्यंत.

क्रिप्टोग्राफीची लायब्ररी कंपाइल होणार तिच्या लॅपटॉपवर
आणि चालणार त्या डब्यात.
म्हणजे रांधायचं इथे, जेवणारा तिथे,
मीठ चाखायची सोय नाही.
कॉन्फिगर मात्र हट्टाने चाखतं:
चिमुकला प्रोग्राम बांधतं, चालवून बघतं,
म्हणतं, चालत नाही.
अरे बाबा, तुझ्यासाठी नाहीच तो!
शेवटी सगळी उत्तरं तिनेच हाताने लिहून दिली.
शब्द बत्तीस बिटांचा.
थ्रेड आहेत. (असावेत.)
मोठा बाइट आधी.

या शेवटच्या ओळीवर दोन रात्री गेल्या.
डब्याने काढलेला हॅश प्रत्येक वेळी चुकीचा,
आणि प्रत्येक वेळी तोच चुकीचा.
वेगासाठी कुणीतरी लिहून ठेवलेला एक तुकडा
लहान बाइट आधी धरून बसला होता.
तिने तो काढून टाकला. साधं सी राहू दिलं,
सावकाश, पण बरोबर.

गंमत अशी की तिची भाषासुद्धा
आधी पाच म्हणते, मग वीस.
आपलंही पंचवीस तसंच.
बोलताना पाच पुढे, लिहिताना दोन पुढे,
आणि त्यापायी बाजारात कुणी कुणाला फसवलं नाही.

दाउवे तिला व्हॅनमधून घेऊन गेला,
एकतीस वर्षं पंपांवर काढलेला माणूस.
फाइल चढली. कमांड दिली.
काही नाही.
चूक नाही, उत्तर नाही, नुसता कर्सर.
चहा गार झाला.

किल्ली बनवायला त्याला यादृच्छिक काहीतरी हवंय, ती म्हणाली,
आधी न ठरलेलं.
आणि याच्या आयुष्यात
अनपेक्षित असं काही घडतच नाही.

दाउवेने भिंतीवरचा लोखंडी दांडा उतरवला,
चाकात घातला, झडप वीतभर वर घेतली.
कालव्याचं पाणी फेसाळत आत आलं,
तरंगता सेन्सर थरथरला, बुडाला, वर आला,
कधी लवकर, कधी उशिरा,
आणि ते वेडंवाकडं टकटकणं डबा पीत राहिला
चाळीसेक सेकंद.

किल्ली तयार झाली.

मग दाउवेने सवयीने फोन काढला,
रोजची कमांड पाठवली: झडप बंद.
डबा म्हणाला, कोण?

सीत्स्के हसायला लागली आणि थांबली.
दाउवेने टोपी काढली,
परत घातली.
पाणी आत येतच होतं.
तो दांड्याकडे वळला.