आमरण, तीन दिवसांसाठी

वाघोले फोनवर आधी प्रकार सांगतात.
लाक्षणिक असेल तर दहा बाय दहा,
एक सतरंजी, संध्याकाळी पाचला गुंडाळायची.
साखळी म्हणजे माणसं बदलतात, गाद्या त्याच.
आमरण म्हटलं की मी विचारतो,
किती दिवसांसाठी?
ते हसत नाहीत. "बुध ते शुक्र," म्हणतात,
"शनिवारी तुझं लाल कार्पेट मोकळं."

म्हणून मी शनिवार संध्याकाळचा साखरपुडा घेतला,
सिंहगड रोडचा, विसार घेऊन.

महापालिकेसमोरच्या फुटपाथला
मला आता पहार लागत नाही.
मागच्या उपोषणांची भोकं आहेत तिथे,
सगळ्या पक्षांची, एकाच मापाची.
माती उकरायची, चहाचे कप काढायचे,
बांबू रोवायचा.

बारा गाद्या, आठ लोड, दोन कूलर.
पाठीमागे कनात, कनातीला चोरदार,
चोरदाराबाहेर काळ्या काचांची गाडी.
हे बिलात "इतर" म्हणून लिहायचं.
फलक त्यांचा: आंबेगाव पठाराला रोज पाणी द्या.
मी पठारावरच राहतो.
कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी वजन चौऱ्याऐंशी किलो.
दुसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी दोनशे.
डॉक्टरीणबाईंनी काट्याला थापटलं,
साहेबांकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं,
आणि ब्याऐंशी लिहिलं.

शुक्रवारी चारला मंत्री येणार होते रस घेऊन.
सहाला कळलं, आज नाही.
मेव्हण्याच्या तिकिटावर गाडं अडलंय,
हे वाघोलेंच्या तोंडून निसटलं,
आणि तेच वाघोले काळी गाडी घेऊन
मुंबईला पळाले, बोलणी करायला.
वर चॅनेलच्या पोराने स्टँडवर कॅमेरा लावला.
त्याचा लाल ठिपका
रात्रभर मिटणार नव्हता.

मी मांडवातच झोपतो. मागे दोन लोड चोरीला गेले.

दीड वाजता साहेबांनी कूस बदलली.
मग परत बदलली.
"जागा आहेस?"
"हो."
"डब्यात काय आहे?"
घरून आलेला डबा, गर्दीत उघडायचाच राहिलेला.
"मेथी. ज्वारीची भाकरी. ठेचा."
बराच वेळ काही नाही.
एक रिक्षा गेली शिवाजी पुलाकडे, रिकामी.
"लसूण घातलाय?"
"घातलाय."
"वास येतोय," ते म्हणाले. "लांब ठेव."
मी डबा सरकवला.
थोड्या वेळाने,
"एवढा लांब नको."

सोळा वर्षं मी उपोषणं उभी करतोय.
भूक मांडवात पहिल्यांदा आली,
चोरदाराने नाही, समोरून.
तिला कुठे बसवावं कळेना,
गाद्या सगळ्या भाड्याने गेलेल्या.
मलाही घास उचलवला नाही.
डबा आम्हा दोघांच्या मध्ये होता, बंद,
आणि वर तो लाल ठिपका.

सकाळी साडेनऊला तिकीट सुटलं.
म्हणजे पाणी सुटलं, असं जाहीर झालं.
मोसंबीचा रस आला, फटाके आले,
पेला धरताना साहेबांचा हात थरथरला,
खरोखरच थरथरला,
आणि अर्धा रस माझ्या लाल कार्पेटवर.
फोटोवाले म्हणाले, साहेब, परत एकदा.

साखरपुड्यात मी त्या डागावर कुंडी ठेवली.
नवरीच्या मावशीने ती सरकवली, तिथे पाय पडतो म्हणून.
बिल चार दिवसांचं केलं.
वाघोले म्हणाले, बोली तीनची होती,
चौथा कुणी सांगितला होता?

रात्री पठारावर चढलो.
आमच्या आळीत पिंपांची रांग,
पुढचा टँकर मंगळवारी.
कादंबरीने पिशवीतून डबा काढला,
झाकण उघडलं, आंबूस वास आला.
भाकरी होती तशी.
"हे काय," ती म्हणाली,
"उपास होता का काल?"