नाळे बा

वडगावात, आमच्या गल्लीत,
जुन्या दारांवर अजून कुठंकुठं दिसतं
खडूनं लिहिलेलं: नाळे बा.
उद्या ये.
रात्री दार वाजवणारी कुणीतरी असायची म्हणे,
आईच्या आवाजात, नाहीतर बायकोच्या,
ओ दिली की संपलं.
तर तिनं आपलं वाचावं, मान हलवावी
आणि उद्या यावं.
उद्या परत तेच वाचावं.
भूत असून किती सरळ मनाचं.

माझ्या दारावर मी लिहिलं नव्हतं.
मी नुसतं म्हणायचो.

म्हणजे असं, की बीम येऊन पडला होता,
पोपटी, चोवीसशे तारांचा,
शहापूरच्या शेठ्यांचा,
संकेश्वरकडच्या कुणाच्या तरी लग्नाचा.
जुन्या ताण्याची टोकं मागावर लोंबलेली,
नव्या ताण्याची टोकं बीमवर,
मधे वीतभर अंतर.
त्या वीतभरात मी अकरा दिवस
चहा पीत बसलो.

सोमवारी करंट नव्हता.
(तार सांधायला करंट लागत नाही,
हाताचंच काम ते.
पण करंट नव्हता, हे खरं.)
मंगळवारी नवं काही धरत नाहीत.
मग चष्म्याची काडी ढिली वाटली,
टिळकवाडीला जाऊन बसवून आणली,
येताना पाव किलो कुंदा.
पुढचे दिवस मला वेगवेगळे आठवत नाहीत.

फोन यायचा: भरमाण्णा, धरलास काय?
होय की, आत्ता बसालोय बघा.
नंतर मी फोन तांदळाच्या डब्यात ठेवला.
तिथंही वाजला,
जरा जाड आवाजात.

आणि काम रोज यायचं, खरंच सांगतो.
सकाळी सातला उंबऱ्याशी उभं,
चप्पल न काढता.
मराठीत विचारायचं, कानडीत विचारायचं,
मी दोन्हीत एकच सांगायचो.
निमूट माघारी जायचं.
सीमाभागातलं काम,
पाट्या वाचायची सवय त्याला.

बाराव्या दिवशी ते आलं नाही.

सात वाजले.
शेजारी कल्लाप्पाचा माग सुरू झाला,
आमच्या भिंतीवरची पिशवी
खुंटीला लटकून थरथरायला लागली.
आठ वाजले. डबा उघडून बघितला,
तांदूळ आणि फोन, दोघंही गप्प.
मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो,
कुणाला बघायला, ते सांगता आलं नसतं.
सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.
तसं काही वाटेना.
दाराकडं पाठ करून बसलं
तरी पाठीला दारच जाणवत राहिलं.

भाकरी थापता थापता निर्मला म्हणाली,
शेठ्यांचा माणूस येतोय दुपारी.
बीम परत न्यायला.
एवढंच. आणि भाकरी उलटली.

मी उठलो, असं म्हणवत नाही.
बसलोच, फक्त दुसऱ्या जागी.
चुलीतली चिमूटभर राख बोटांना लावली,
एक जुनी तार, एक नवी,
पीळ दिला. सुटली.
पीळ दिला. परत सुटली.
अकरा दिवसांत बोटं पाहुण्यासारखी झालेली,
कुठं बसावं, विचारत होती.
चौथ्यांदा धरली.
ओढून बघितली. धरलीच होती.

उरल्या तेवीसशे नव्व्याण्णव.
मोजायला नको होतं. मोजलं.
घाम आला.
मग दुसरी, मग पाचवीपाशी मान अवघडली,
तिसाव्या-चाळिसाव्या तारेला कधीतरी
मोजणं राहून गेलं.
कल्लाप्पाचा माग चालू होता की बंद,
आठवत नाही.
कुंदा संपलाय की आहे, तेही नाही.

उंबऱ्याशी कुणीतरी उभं राहिलं,
चप्पल न काढता.
मला वाटलं, सकाळचं तेच,
उशिरानं का होईना, आलं.
तो म्हणाला, बीम नेऊ काय?

दाताखाली एक तार, चिमटीत एक,
ओठ न उघडता,
मान वर न करता,
जेवढं जमेल तेवढंच बोललो:

नाळे बा.