चौदा नंबरचं पातेलं

सप्टेंबर सरत आला की
आमच्या दुकानाच्या मागल्या दाराशी मेज लागतं:
पातेली, चटया, सरपणाच्या मोळ्या, डाव
आणि एक वही, पेन दोरीनं बांधलेलं.
भाडं नाही. अळकुड्या आमच्याकडून घ्या, मांस आमच्याकडून घ्या,
पातेलं न्या, नदीवर जा, शिजवा, खा,
सोमवारी घासून आणून द्या.
घासून, हे मी दोनदा सांगते.

बावीस वर्षं वही माझ्या हाती आहे.
कुणाच्या घरात किती तोंडं खाती झाली, किती उठून गेली,
हे नगरपालिकेआधी मला कळतं.
योकोसावांची सून यंदा दहाचं मागते,
म्हणजे जुळ्यांना दात आले.
हागांकडे पूर्वी वीस माणसांचं जायचं, दोघांनी उचलून.
मग बाराचं.
शुक्रवारी तोमेजी हागा एकटा आला,
टोपी हातात धरून पातेल्यांसमोर उभा राहिला,
चपलांच्या दुकानात आपलंच माप विसरल्यासारखा.
सहाचं दे, म्हणाला.
मग, नको, आठचं. कुणी आलंच तर.
मी वहीत आठ लिहिलं
आणि दिलं बाराचं, चौदा नंबर,
ज्याच्या बुडाला पोचा आहे.

रविवारी दोनला सुटले.
मोगामीचं पाणी उतरलेलं, गोटे तापलेले,
गावच नदीवर येऊन बसलेलं,
बँकेतले लोक, न्हाव्याचं कुटुंब, सहावीचा अख्खा वर्ग,
प्रत्येकाची तीन दगडांची चूल
आणि मिठाबद्दल प्रत्येकाचं ठाम मत.

आमच्या चुलीवरचं भांडण तीस वर्षांचं.
मी इथली: सोया सॉस, साखर, गाईचं मांस.
नवरा समुद्राकडचा: त्याला मिसो हवा, आणि डुकराचं.
मी म्हणत आले, ते तर तू रोज सकाळी पितोस,
त्यासाठी नदीवर कशाला यायचं?
तो सरपण फोडत राहायचा.

यंदा चिनात्सूनं होणारा जावई आणला, सेंदाईचा.
भला मुलगा. अळकुड्या सोलून हात खाजले, तरी बोलला नाही.
कोन्न्याकू सुरीनं कापायचा नसतो,
हातानं तोडला की चव आत शिरते,
हेही त्याला न सांगता ठाऊक.
मी मनात म्हटलं, चालेल.
तेवढ्यात तो अदबीनं विचारतो,
"काकू, मिसो कधी घालायचा?"

इसामु हसला नाही.
कुऱ्हाड खाली ठेवली
आणि पोराला खेटून बसला,
परमुलखात गाववाला भेटावा तसा.
मग उठून गाडीकडे गेला.
डिकीतून काढलं एक छोटं पातेलं, मिसोचा डबा,
बर्फात गुंडाळलेलं मांस.
"हे कधीपासून?"
"सत्तावीस वर्षं नेतोय," तो म्हणाला.
"आधीची तीन धीर झाला नाही."

मी चाखलं. काही बोलले नाही.
दुसऱ्यांदा चाखलं, तेव्हा लेकीनं पाहिलं.

शेवटी, सगळे करतात तेच,
उरलेले दोन्ही रस एका पातेल्यात,
वर करीचा मसाला, जाडजूड उदोन,
आणि कोण कुठल्या मुलखाचा
हे वाटीत शोधून सापडेना.

परतताना पुलावरून खाली पाहिलं.
हागांची जागा तीच, वाकड्या वाळुंजाखाली.
धूर होता.
माणसं मोजता आली नाहीत.

सोमवारी नऊच्या आधीच म्हातारा दारात.
पातेल्यात वर्तमानपत्रात बांधलेल्या चार नाशपाती,
रिकामं भांडं कोण परत करतं?
"पुरलं?"
"कमी पडलं," म्हणाला,
आणि टोपी घालून चालू लागला.

पातेलं बाहेरून लख्ख होतं.
आत, पोच्याच्या बेचक्यात,
अळकुडीचा एक तुकडा चिकटून राहिलेला.
मी हाक मारली नाही.
नखानं काढला.